डावी वेणी

धानाची रोवणी सुरू झाली की दिवस वर आल्यावर अड्याळात बाई शोधून सापडत नाही. सगळ्या शेतांवर, बांध्यांत. डोक्यावर पॉलिथिनची खोळ, हातात डबा, साडी वर खोचलेली आणि तोंडाची टकळी चालूच. शेताकडे जाणारा रस्ता आमच्या घरावरून जातो आणि मी खिडकीशी शिलाई मशीनवर बसलेली असते. आधी त्यांचं हसणं येतं, मग त्या येतात, मग चिखलातल्या पायांचा आवाज लांब जातो. माझ्या खिडकीपाशी आलं की ते हसणं जरासं उतरतं. फार नाही, जरासंच. पण मी ब्लाउज शिवणारी बाई. बोटभर फरक मला डोळे मिटूनही कळतो.

कोणी वाईट बोलत नाही हं. "काय चाललं?" म्हणतात, मी "चाललं" म्हणते, झालं. मग दिवसभर गल्लीत मी, माझं मशीन आणि समोरच्या ओट्यावर निजलेलं कुत्रं. पावसाची झड लागली की कुत्रंही आत जातं.

पण त्याच्याआधी, उठल्या उठल्या, माझं एक काम असतं. मी गुड्डीची उशी बघते. घरातल्या सगळ्या उशांना फुलाफुलांचे अभ्रे आहेत, तिच्या एकटीच्या उशीला पांढरा. डाग लगेच दिसावा म्हणून मीच शिवला. गुड्डी माझी मुलगी, एकुलती, आता दहा वर्षांची. तिच्या डाव्या कानाच्या पडद्याला भोक आहे आणि त्या कानानं तिला जवळजवळ काही ऐकू येत नाही. नागपूरचे कानाचे डॉक्टर म्हणतात, नवा पडदा बसवू, ऐकू येण्याची आशा आहे. पण एक अख्खा पावसाळा कान कोरडा गेला पाहिजे. वाहत्या कानात पडदा टिकत नाही. एक अख्खा पावसाळा! धानाच्या मुलखात! इथे भिंतींना ओल, कपड्यांना ओल, काडीपेटीला ओल, आणि माझ्या पोरीचा कान तेवढा कोरडा राहायचा. गाव आभाळाकडे बघतं, मी उशीकडे बघते.

रोवणी मागं मागं सरकत करतात. हातातले पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, चिखलात खोचायचे आणि एक पाऊल मागं घ्यायचं. त्यामुळे जे लावून झालं ते सगळं समोर दिसत राहतं, आणि जे करायचं आहे ते पाठीमागे असतं. मी लग्नानंतर पहिल्यांदा बांधीत उतरले तेव्हा मला हे उलटंच वाटलं होतं. आता वाटत नाही. माझंही तसंच चाललेलं आहे. सहा वर्षांपूर्वीची ती एक रोवणी माझ्या समोरून हलत नाही.

मी चिखला गावची. माझे बाबा मॅंगनीजच्या खाणीत जमिनीखाली ड्रिल मशीन चालवायचे. आमची क्वार्टरची वस्ती, तिथे सगळं भोंग्यावर चालायचं. खाणीच्या दवाखान्यात एक कंपाउंडर होते, त्यांचा एक नियम होता: औषधाची रिकामी बाटली दाखवल्याशिवाय पुढचं औषध नाही. अर्धी बाटली घेऊन गेलं की ते माझ्या आईला सगळ्यांसमोर म्हणायचे, "ये क्या लोणचं डालने को रखा है?" आई लाजून चूर व्हायची. त्यामुळे आमच्या घरात औषध संपवायचं असतं, हे मला 'जेवल्यावर हात धुवायचे असतात' इतकं साधं माहीत होतं. त्यात माझी हुशारी काही नाही. वळण लागलं, लागलं.

अड्याळला आले तर इथलं वळण वेगळं. इथे आमच्या गल्लीत विरजण मागतात तसं औषध मागायचे. "काकू, थोडं विरजण द्या" आणि "काकू, ते कानाचं औषध उरलं असन तं द्या." एका सुरात. एखाद्या घरी लेकराचा कान फुटला की मेडिकलमधून पावडरची बाटली यायची, खुणेपर्यंत पाणी घालून हलवायची, गुलाबी औषध तयार. दोन-तीन दिवसांत ठणका थांबला की औषध बंद. उरलेली अर्धी बाटली माठाखालच्या ओल्या वाळूत खोचून ठेवायची, थंड राहावी म्हणून. मग पुढच्या महिन्यात दुसऱ्या घरचं लेकरू रडलं की ती बाटली तिकडे. तिथून तिसरीकडे. गरज सरो, वैद्य मरो म्हणतात. इथे वैद्य मरत नव्हता, घरोघरी फिरत होता. आणि यात कोणाला काही चुकीचं वाटत नव्हतं. असलेली वस्तू फेकायची कशाला? शेजारणीचं लेकरू रडत असताना आपल्या माठाखाली औषध ठेवून झोपणारी बाई ती कसली बाई?

आणि रोवणीत तर बोलायलाच नको. इथे बायकांची टोळी गुत्त्यानं काम घेते, म्हणजे एकराचा भाव ठरवून. टोळीतली एक बाई लेकराला घेऊन भंडाऱ्याला गेली की तिची ओळ बाकीच्यांनी ओढायची. पऱ्हे उपटून ठेवलेले असतात, ते थांबत नाहीत. मग कोण जाईल डॉक्टरकडे? माठाखालची बाटली काढायची, झाकणभर पाजायचं, लेकराला कोणाच्या तरी म्हातारीजवळ ठेवायचं आणि बांधी गाठायची. मला ते कळत होतं. मीही टोळीतच होते.

टोळीची मुखत्यार मंदाकाकू. आमच्या घराला लागून तिचं घर. मोठ्या हाडापेराची, आवाज असा की शेताच्या धुऱ्यावरून हाक मारली तर तलावापलीकडचा माणूस वळून बघेल. मी सून म्हणून आले तेव्हा घरात सासू नव्हती, आधीच वारलेली. हे नागपूरकडे कारखान्यात, सुटी मिळेल तसे येणार. मला चूल पेटवण्यापासून पऱ्हे धरायच्या पद्धतीपर्यंत सगळं मंदाकाकूनं शिकवलं. "क्वाटरची पोरगी हाये, चिखलाले घाबरते," म्हणून आधी सगळ्यांदेखत टिंगल केली आणि मग माझा हात हातात घेऊन दाखवलं. गुड्डी झाली तेव्हा माझ्या पायांना तेल लावायला तीच होती.

त्या वर्षी गुड्डी चार वर्षांची होती. रोवणी अर्ध्यावर आलेली, झड लागलेली. सर्दी झाली, ताप आला आणि मग ती डावा कान धरून जी रडायला लागली! मंदाकाकू बाटली घेऊन आली. मी म्हटलं, "नको काकू, मी भंडाऱ्याले नेतो हिले." तिनं तोंड वाकडं केलं, पण माझी ओळ तिनंच ओढली.

भंडाऱ्याच्या बालरोगतज्ज्ञांनी नवी बाटली दिली. तेच गुलाबी औषध. मी घड्याळ बघून पाजलं, शेवटच्या थेंबापर्यंत पाजलं. गुड्डीच्या वरच्या ओठावर गुलाबी मिशी उमटायची आणि ती आरशात बघून हसायची. पण ताप उतरेना. कान फुटला, पिवळा पू वाहायला लागला. दुसरं औषध दिलं, त्याहून भारी. तेही पूर्ण दिलं. कान दोन दिवस थांबल्यासारखा झाला आणि परत वाहायला लागला, आधीपेक्षा जास्त. आमच्या घरात तेव्हा तो एक वास भरून होता, आंबूस, ओला. मी उशा उन्हात टाकाव्या म्हटलं तर ऊन कुठे होतं?

मग कानामागे सूज आली, कान पुढे ढकलल्यासारखा दिसायला लागला, आणि डॉक्टरांनी आम्हाला तडक नागपूरला पाठवलं. तिथे पू तपासायला दिला, शिरेतून औषधं लावली, कानामागचं हाड उघडून साफ केलं. त्या सगळ्या दिवसांत मला बोलायला कोणी नव्हतं. हे कारखान्यातून संध्याकाळी यायचे, खिडकीबाहेर बघत बसायचे, "होईन बरं" म्हणायचे आणि जायचे. वॉर्डात एसीचा गार वारा आणि खाली रस्त्यावर पाऊस. मला वाटायचं, आता आमच्या बांधीत पाणी किती झालं असेल? मंदाकाकू माझी ओळ कोणाला देत असेल?

तपासणी आल्यावर तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला बसवून समजावलं. माझ्याच वयाच्या होत्या. त्या म्हणाल्या, "हे जंतू नेहमीच्या औषधांना सरावलेले आहेत. औषध अर्धवट दिलं की कच्चे जंतू मरतात आणि पक्के उरतात. आपण त्यांना मारत नाही, तयार करतो. मग ते पक्के एका मुलाच्या नाकातून दुसऱ्याच्या नाकात जातात, तिथून कानात."

मी म्हटलं, "पण डॉक्टर, मी तर अर्धवट दिलंच नाही. शेवटच्या थेंबापर्यंत पाजलं."

"तुम्ही बरोबरच केलंत," त्या म्हणाल्या. "पण तिला झालेले जंतू आधीच तयार होऊन आलेले होते."

"कोणाच्या घरून?"

हा प्रश्न मी विचारला, अगदी असाच. त्यांनी तपासणीचा कागद बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "ते कोणालाच सांगता येत नाही हो. एका बाटलीचं काम नाही हे. सगळ्यांच्या बाटल्यांचं आहे." मला ते उत्तर नको होतं. मला एक घर पाहिजे होतं, एक दार, जिथे जाऊन भांडता येईल.

दार माझ्याकडे चालत आलं. आम्ही घरी परतलो, रोवणी संपत आलेली, आणि दुसऱ्याच दिवशी मंदाकाकू आली. एका हातात गुड्डीसाठी कोमट आंबील, दुसऱ्या हातात रिकामी वाटी. गुड्डीच्या डोक्यावरून हात फिरवला, पट्टी पाहून डोळे पुसले. मग जाता जाता म्हणाली, "गुड्डीचं ते नागपूरचं भारी औषध उरलं असन तं दे व वाटीत. आमच्या लहान्या नातीचा कान ठणकून राहिला."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "उरलं नाई. उरवायचं नसते."

"अवं, थेंबभर तं असन!"

"तुमच्या या थेंबाथेंबानंच माह्या पोट्टीचा कान नासला!" मी ओरडले. "घरोघरी बाटल्या फिरवता, अर्ध्या अर्ध्या पाजता, जंतू पोसता! आणि भोगते कोण? ज्या घरात पूर्ण पाजलं ते!"

मंदाकाकू आधी हसली, तिला वाटलं मी दमले आहे. मग तिचा चेहरा बदलला. "म्हंजे? आमी तुह्या पोट्टीच्या कानात विष टाकलं म्हणतं का?"

"टाकलंच."

बाहेर पाऊस थांबलेला होता, त्यामुळे गल्लीनं सगळं ऐकलं. मंदाकाकू पायरी उतरली, तिथूनच वळून म्हणाली, "तुह्या बाळंतपणात तुह्या पायाले तेल कोणं लावलं, याद ठेवजो." आणि गेली. तिचा आवाज इतका लहान मी कधी ऐकला नव्हता.

मी बोलले ते खरं होतं. आजही म्हणते, खरं होतं. आता आरोग्यखात्याची आशाताई घरोघरी जाऊन तेच सांगते आणि बायका माना डोलावतात. ज्याचं जळतं त्याला कळतं. पण ज्याचं जळतं त्यानं ओरडून सांगितलं की लोक आग बघत नाहीत, ओरडणं बघतात. पुढच्या वर्षी टोळी जमली आणि मला बोलावणं आलं नाही. माझी बांधी बाहेरगावच्या बायकांनी लावून दिली. मी मशीन घेतलं. ब्लाउज शिवायला सगळ्या येतात, माप देतात, घेऊन जातात. औषध कोणी मागत नाही, ते बरंच झालं. पण विरजणही कोणी मागत नाही. माझं दही छान लागतं हो! घट्ट, कवडी पडणारं. पूर्वी सकाळी वाट्यांची रांग लागायची. आणि झडीच्या दिवसांत कधी माझंच दही बिघडलं तर मी दुकानातून पाकीट आणते. एवढ्या उंबऱ्यांच्या गावात राहून पाकिटातल्या दह्यानं विरजण लावते मी! आईनं बघितलं असतं तर काय म्हणाली असती?

कान गेला हे मला कसं कळलं, तेही सांगते. नागपूरहून आल्यावर एका दुपारी गुड्डी उजव्या कुशीवर झोपली होती. चांगला कान उशीत, डावा वर. मी हाक मारली. मग जवळ जाऊन मारली. मग डाव्या कानाशी बांगड्या वाजवल्या. तेवढ्यात विजेचा असा कडकडाट झाला की कौलं हलली, मी दचकून उभी राहिले, आणि ती शांत झोपलेली. तिच्या तोंडावर इतकी शांती होती की मला तिचा हेवा वाटला, आणि लगेच रडू कोसळलं.

पोट्टी मात्र माझ्यासारखी रडकी नाही. शाळेत पहिल्या बाकावर डावीकडच्या टोकाला बसते, म्हणजे सगळा वर्ग उजव्या कानाकडे येतो. ही तिचीच युक्ती. बाई म्हणाल्या, "अगं, एका कानानं ऐकते आणि दुसऱ्यानं सोडून देते का?" तर हिनं उत्तर दिलं, "नाही बाई, माझ्याकडे सोडायला कानच नाही." वर्ग हसला, बाई हसल्या, मला घरी येऊन सांगताना ती स्वतःही हसली. मी स्वयंपाकघरात जाऊन उगीच भांडी घासली. तलावात पोरी डुंबतात तेव्हा ती काठावर सगळ्यांच्या चपला राखत बसते, कानात व्हॅसलीनचा कापूस. खेळात दुरून हाक मारली तर आवाज कुठून आला हे तिला कळत नाही, ती भलतीकडेच धावते. मग हळूहळू तिनं धावणंच सोडलं. घरात आम्ही दोघीच, आणि दोघीही आपापल्या ठिकाणी गप्प.

तिचं एक माणूस आहे, माझे बाबा. ड्रिल मशीननं त्यांचे दोन्ही कान नेले, निवृत्तीच्या आधीच. दिवाळीत, उन्हाळ्यात आम्ही चिखल्याला जातो, तेव्हा ही आजोबांपासून हलत नाही. दोघं ओट्यावर समोरासमोर मांडी घालून बसतात, तासन् तास, मुकाट. मध्येच दोघंही एकदम हसतात. मी एकदा म्हटलं, "बाबा, तिच्याशी बोला ना काही. पोरगी घरीही गप्पच असते." त्यांना ऐकू गेलं नाही, मी परत ओरडून सांगितलं. ते म्हणाले, "बोलूनच तं राहिलो! अंदर मशीन चालू झाली का देवाचाही आवाज आयकू येत नाई. आमी काय मग मुके बसत होतो का? तोंड पाहाचं माणसाचं." मी मान हलवली आणि चहा ठेवायला गेले. म्हाताऱ्या माणसांच्या खाणीच्या गोष्टी, कोण लक्ष देतं?

आता माझं बोलण्याचं ठिकाण सांगते. हसू नका.

सकाळी मी गुड्डीच्या दोन वेण्या घालते. मधल्या खांबाला आरसा टांगलेला आहे, ती त्याच्यासमोर स्टुलावर बसते, मी मागे उभी. उजवी वेणी घालताना आमचं रोजचं बोलणं: डबा, गृहपाठ, कापूस नीट लावला का. मग मी डावीकडे येते. पत्र्याच्या पडवीवर पाऊस वाजत असतो, मी ओठातल्या ओठात बोलते, आणि डाव्या बाजूला कान असून नसलेला. उजव्याला एवढं बारीक पोचत नाही, हे मी नाना परींनी तपासून घेतलेलं आहे. तिथे मी सगळं बोलते. तीन पेड घालता घालता कोणालाच न सांगितलेलं सगळं. यांचा फोन आला नाही. खिडकीपाशी हसणं उतरलं. आज डाळ एकटीनं खाल्ली, घशाखाली गेली नाही. मंदाकाकू खोकत होती रात्री, जावंसं वाटलं. डाव्या वेणीला मला नेहमी जास्त वेळ लागतो. गुड्डी आरशात एकटक बघत बसलेली असते. मी चिडवते, "किती पाहातं स्वतःले? नवरी होऊन राहिली का?" ती लाजते आणि तरी बघतच राहते.

या वर्षी आषाढ कोरडा गेला. आभाळातून नव्हे हो, उशीवर. रोज पांढरा शुभ्र अभ्रा. मी कोणाला बोलले नाही, नजर लागते. रोवणी जोरात आली, बायका चिखलानं माखून हसत परतायला लागल्या, आणि माझ्या मनात पहिल्यांदाच असं काहीतरी हललं, की यंदा होईल. दिवाळीनंतर नागपूरला जाऊ. पडदा बसेल. मी डाव्या बाजूनं "गुड्डे" म्हणेन आणि ती वळेल. एवढंच पाहिजे मला, एकदा डाव्या बाजूनं वळावी.

काल सकाळी उशीवर डाग होता. रुपयाएवढा, पिवळा.

गुड्डीनं तो माझ्याआधी बघितला होता. ती उठून बसली होती आणि उशीकडे बघत होती. "थोडासाच हाये, मम्मी," म्हणाली. मी म्हटलं, "हो, थोडासाच." डॉक्टरांना फोन केला. ते आता आधी पू तपासायला घेतात, मग औषध ठरवतात. कोणतं चालेल त्याचा भरवसा राहिलेला नाही. दुपारी भंडाऱ्याला जायचं ठरलं. शस्त्रक्रिया? "पुढच्या पावसाळ्यानंतर बघू."

मी वेण्या घालायला उभी राहिले. उजवी घातली. डाव्या बाजूला आले आणि माझा बांध फुटला. आवाज काढला नाही, नुसते ओठ. म्हटलं, गेला गं हाही पावसाळा. आता कोणाला सांगू मी? तुझ्या बापाला सांगितलं की तो म्हणणार, होईन बरं. मंदाकाकू पहिल्यासारखी असती तर आधी मला शिव्या घातल्या असत्या आणि मग जवळ बसली असती. एक वाटी विरजण मागायला तरी कोणी यावं गं या दारात. किती वर्षं झाली, या घरातून कोणी काही नेलं नाही आणि काही आणलं नाही.

रिबिन बांधली. तिनं डोळे पुसले, मला वाटलं केस ओढले गेले.

भंडाऱ्याहून परत आलो तेव्हा दिवस कलला होता. मी कपडे बदलून येते तर गुड्डी घरात नाही. हाका मारल्या. ती मागच्या दारानं आली, दोन्ही हातांनी एक वाटी धरून, वर पळसाचं पान.

"काय आणलं?"

"विरजण. मंदाआजीनं देलं."

"कायले? कोणं मांगतलं?"

"म्या मांगतलं. तुले पाहिजे होतं ना?"

"तुले कोणं सांगतलं?"

"तूच तं सांगतलं. सकाळी. डावी वेणी घालताना."

मी खाली बसले, तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं. "गुड्डे, तुले आयकू आलं? डाव्या कानानं? आयकू आलं तुले?" त्या एका क्षणात मी नागपूर, पडदा, पावसाळा सगळं मोडीत काढलं. देवाला नारळही बोलून झाला.

तिनं मान हलवली. हळूच, मला लागू नये अशी.

"नाई व मम्मी. आयकू नाई येत. आरशात दिसते. तुहं तोंड. आजोबानं शिकवलं."

"केव्हापासून?"

"पहिलीत होतो तवापासून."

"सगळं?"

"सगळं," ती म्हणाली.

पत्र्यावर पाऊस वाजत होता. मी ज्याला भिंत समजून इतकी वर्षं बोलत आले ती माझी लेक होती, आणि तिनं त्यातला एक शब्द कधी बाहेर सांगितला नाही, मलाही नाही. एवढ्याशा जिवाला मी काय काय ऐकवलं, म्हणजे दाखवलं! तिचं ते गप्प राहणं मी कानाच्या खात्यावर टाकत होते.

"मंदाआजी काय म्हणाली?" मी विचारलं.

"कान कसा हाये म्हणे. म्या म्हटलं, वाहून राहिला. तं तिनं वाटीवर पान झाकलं. मग म्हणे, वाटी वापस द्यायले मायले पाठवजो, तू नको येऊ."

रात्री दूध कोमट करून त्यात ते विरजण लावलं. सकाळी दही घट्ट लागलेलं होतं. वाटी घासून फळीवर ठेवली आहे. या गावात वाटी रिकामी परत करत नाहीत. तिच्यात काय घालून न्यायचं, आणि पायरीशी पोचल्यावर तोंडातून पहिला शब्द कोणता काढायचा, ते मला अजून सुचलेलं नाही. नेईन. आज नाही तर उद्या नेईन.

मग गुड्डी स्टुलावर येऊन बसली. पांढऱ्या अभ्र्यावर आजही डाग होता, दोघींनी बघितला होता. उजवी वेणी घातली. डबा, गृहपाठ, कापूस. डावीकडे आले आणि मला आरशाकडे बघवेना. मान खाली घालून नुसते पेड घालत राहिले. बाहेरून टोळी गेली, खिडकीपाशी हसणं जरासं उतरलं आणि पुढे गेलं.

रिबिन हातात घेतली तशी ती आरशातून म्हणाली, "आज काहून बोलून नाई राहिली?"

मी रिबिन बांधली.

"बोल ना व मम्मी," ती म्हणाली. "मी पाहून राहिली."